लेकर्सचा सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण? हा वाद पद्धतशीर कसा घालावा

सोलापुरात एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, पाहणाऱ्याला घड्याळाशी जुळवून घ्यावे लागते. बोस्टन किंवा न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात संध्याकाळी साडेसातला सुरू होणारा सामना आपल्याकडे सकाळी सहाला सुरू होतो आणि लॉस एंजेलिसमधला सकाळी नऊला, म्हणजे नेमका कॉलेज, दुकान किंवा ऑफिस गाठण्याच्या वेळी. त्यामुळे पूर्ण सामना पाहणारे थोडे आणि दुपारी मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचे तुकडे पाहून मत बनवणारे पुष्कळ, अशी स्थिती असते. संध्याकाळचा खेळ आटोपून सगळे कोर्टाच्या कडेला बसले, की लॉस एंजेलिसच्या 'लेकर्स' या संघाचा सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, हा विषय निघतोच, आणि तासाभराने तो जिथून निघाला तिथेच येऊन थांबतो. याचे कारण बहुधा माहितीची कमतरता हे नसते. चार जण चार वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात आणि आपण एकाच प्रश्नावर भांडत आहोत, असे चौघांनाही वाटत असते. हा वाद निकालापर्यंत कसा न्यावा, याची एक पद्धत पुढे दिली आहे. उदाहरण म्हणून लेकर्स घेतले आहेत, कारण या संघाइतकी गुंतागुंत क्वचितच दुसरीकडे सापडते. शेवटी हीच पद्धत आपल्या कॉलेजच्या संघाला कशी लावावी, तेही पाहू.

पायरी १: प्रश्न कागदावर लिहा

'सर्वश्रेष्ठ' या एका शब्दाखाली किमान तीन प्रश्न दडलेले असतात. लेकर्सची जर्सी कधीतरी घातलेल्या खेळाडूंपैकी एकूण कारकीर्द कोणाची मोठी, हा पहिला. लेकर्सकडून खेळताना सर्वांत मोठी कामगिरी कोणाची, हा दुसरा. आणि एखाद्या हंगामापुरते पाहिले तर सर्वांत उंच शिखर कोणी गाठले, हा तिसरा. पहिल्या प्रश्नात लेब्रॉन जेम्स आणि विल्ट चेंबरलेन वर येतात. दुसऱ्यात मॅजिक जॉन्सन, कोबे ब्रायंट आणि जेरी वेस्ट पुढे सरकतात. तिसऱ्यात शकील ओनीलला हरवणे फार कठीण आहे, कारण २००० च्या हंगामात त्याने नियमित हंगामातील सर्वाधिक मौल्यवान खेळाडूचा किताब घेतला आणि अंतिम मालिकेत सरासरी ३८ गुण केले.

माझ्या मते संघाच्या इतिहासावर बोलायचे असेल, तर दुसराच प्रश्न घ्यावा. पहिला प्रश्न संघाबद्दल नसतोच. त्यात संघाचे नाव केवळ चाळणीसारखे वापरलेले असते. मात्र गटाला दुसरे काही पसंत असेल तर तसे ठरवावे. अट एवढीच, की ठरलेला प्रश्न सर्वांना दिसेल असा लिहून ठेवावा आणि मध्येच बदलू नये.

पायरी २: हद्द आखा

दुसरा प्रश्न घेतला, की लगेच हद्दीचे वाद उभे राहतात आणि ते चर्चेआधीच मिटवावे लागतात. लेकर्स १९४७ मध्ये मिनियापोलिसला सुरू झाले आणि १९६० मध्ये लॉस एंजेलिसला आले. जॉर्ज मायकन पूर्णपणे मिनियापोलिसच्या काळातला. 'ते जुने, ते धरायचे नाही,' असे म्हणणारा कोणीतरी असतोच. त्याला एकच विचारावे: लेकर्सची विजेतेपदे किती? तो १७ म्हणेल. त्या सतरांपैकी १९४९, १९५०, १९५२, १९५३ आणि १९५४ ही पाच मिनियापोलिसची आहेत आणि पाचही मायकनच्या संघाची आहेत. विजेतेपदे मोजायची आणि ती मिळवून देणारा माणूस वगळायचा, हे न्यायाचे नाही. खुद्द संघानेही मायकनची ९९ क्रमांकाची जर्सी निवृत्त करायला २०२२ साल उजाडू दिले, हे मात्र खरे.

त्यानंतर कारकिर्दींची वाटणी करावी. करीम अब्दुल-जब्बारचे एकूण गुण ३८,३८७. पण त्यातील १४,२११ मिलवॉकीकडून केलेले आहेत, म्हणून आपल्या कागदावर २४,१७६ हाच आकडा यायला हवा. सर्वाधिक मौल्यवान खेळाडूच्या त्याच्या सहा किताबांपैकी तीन मिलवॉकीतले आणि १९७६, १९७७ व १९८० हे तीन लेकर्सचे. लेब्रॉनने नियमित हंगामातील सर्वाधिक मौल्यवान खेळाडूचा किताब चार वेळा मिळवला, पण चारही वेळा तो क्लीव्हलँड किंवा मायामीत होता. लेकर्सच्या खात्यात २०२० चे विजेतेपद आणि त्या अंतिम मालिकेचा किताब जमा होतो. करीमचा एकूण गुणांचा विक्रम लेब्रॉनने ७ फेब्रुवारी २०२३ रोजी लेकर्सच्या जर्सीत मोडला, म्हणून तो सगळा विक्रम लेकर्सचा ठरत नाही. याउलट कोबेचे ३३,६४३ आणि वेस्टचे २५,१९२ गुण पूर्णपणे याच संघाचे आहेत. नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत शार्लटच्या संघाने कोबेला निवडून लगेच लेकर्सकडे दिले होते. तो शार्लटसाठी एकही सामना खेळला नाही.

वेस्टच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. १९९६ मध्ये कोबे आणि ओनील या दोघांना संघात आणणारा व्यवस्थापक तोच होता. त्याचे हे काम एखाद्या विजेतेपदाइतकेच मोलाचे आहे, यात शंका नाही. पण ते खेळाडूचे काम नव्हे. ते बाजूला ठेवावे. लेकर्सच्या मैदानाच्या प्रवेशद्वाराबाहेरचे पुतळे आणि निवृत्त जर्सी हेही पुरावे म्हणून स्वीकारू नयेत, कारण ते आधीच झालेल्या अशाच एका वादाचे निकाल असतात.

पायरी ३: कोणती नोंद कधी सुरू झाली, ते भिंतीवर लावा

हा सर्वांत कमी वेळ खाणारा आणि सर्वांत जास्त भांडणे वाचवणारा कागद आहे. रिबाउंडची, म्हणजे चुकलेल्या फेकीनंतर उडालेला चेंडू पकडण्याची, अधिकृत नोंद १९५०-५१ पासून होऊ लागली. हंगामातील सर्वाधिक मौल्यवान खेळाडूचा किताब १९५५-५६ पासून, अंतिम मालिकेचा किताब १९६९ पासून, स्टील (चेंडू हिसकावणे) आणि ब्लॉक (फेक हवेत अडवणे) यांची मोजणी १९७३-७४ पासून, आणि तीन गुणांची रेषा १९७९-८० पासून. याचा अर्थ असा, की मायकनच्या भरातल्या काळात हे दोन्ही किताब अस्तित्वातच नव्हते, आणि 'लेकर्सकडून सर्वाधिक ब्लॉक' अशी कोणतीही यादी निघाली तरी तिच्यात १९७३ मध्ये निवृत्त झालेला चेंबरलेन असूच शकत नाही. जिथे नोंद नाही तिथे शून्य लिहू नये, रेघ ओढावी.

नियमही लिहावेत. मायकनला बास्केटखाली रोखता येईना, म्हणून १९५१ मध्ये बास्केटसमोरचा पट्टा, ज्यात आक्रमकाला फार वेळ थांबता येत नाही, ६ फुटांवरून १२ फूट रुंद करण्यात आला. चेंबरलेनच्या काळात, १९६४ मध्ये, तो १६ फूट झाला. २४ सेकंदांचे घड्याळ १९५४-५५ मध्ये आले. त्याआधी चेंडू धरून वेळ काढता येत असे आणि त्याचे टोक म्हणजे २२ नोव्हेंबर १९५० चा सामना: फोर्ट वेनने लेकर्सना १९-१८ असे हरवले. त्या १८ पैकी १५ गुण मायकनचे होते. 'पंधरा गुण म्हणजे काय मोठे' असे म्हणणाऱ्याला हा सामना दाखवावा.

पायरी ४: आकडा त्या काळाच्या मापाने मोजा

येथे थोडे गणित लागते, पण मोबाइलवरचा साधा कॅल्क्युलेटर पुरतो. एल्जिन बेलरने १९६१-६२ च्या हंगामात सामन्यामागे ३८.३ गुण केले. कोबेने २००५-०६ मध्ये ३५.४ केले. वरवर पाहता बेलर पुढे. पण १९६१-६२ मध्ये एक संघ सामन्याला सरासरी सुमारे ११८.८ गुण करत असे, आणि २००५-०६ मध्ये सुमारे ९७. खेळाडूच्या सरासरीला त्या वर्षीच्या संघाच्या सरासरीने भागले, की बेलरचा वाटा सुमारे ३२ टक्के येतो आणि कोबेचा साडेछत्तीस. क्रम उलटला.

एवढ्यावर थांबणे मात्र घाईचे होईल. बेलर त्या हंगामात लष्कराच्या राखीव दलात सेवा करत होता, मिळेल त्या सुटीत येऊन खेळत होता आणि केवळ ४८ सामने खेळू शकला. तरीही त्याने सामन्यामागे १८.६ रिबाउंड घेतले. त्या रिबाउंडनाही हीच कसोटी लावावी लागते, कारण तेव्हा फेक जास्त होत, चुकतही जास्त, आणि साहजिकच उडालेले चेंडूही जास्त असत. दुसऱ्या बाजूने, तेव्हा लीगमध्ये नऊच संघ होते. म्हणजे बेलरला बोस्टनच्या बिल रसेलसारख्या तगड्या खेळाडूशी पुन्हा पुन्हा सामना करावा लागे, तर आजच्या तीस संघांच्या लीगमध्ये दुबळ्या संघांशी खेळण्याचे दिवस अधिक मिळतात. नऊ संघ म्हणजे स्पर्धा सोपी, हे सरसकट विधान मला पटत नाही. विजेतेपदापर्यंतच्या फेऱ्या कमी होत्या, एवढे मात्र मान्य करावे लागते.

एकूण आकडा आणि सरासरी दोन्ही शेजारी लिहावेत. कोबेने १,३४६ सामन्यांत सरासरी २५ गुण केले, वेस्टने ९३२ सामन्यांत २७. पहिल्या आकड्यात वीस वर्षे टिकण्याचे मोल आहे, दुसऱ्यात प्रत्येक रात्रीचे. यांतले कोणते जड, हे गणित सांगत नाही. ते गटाने ठरवायचे असते.

पायरी ५: विजेतेपदे वजनाने मोजा, नगाने नको

बहुतेक वाद इथेच बिघडतात, म्हणून इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. 'पाच विजेतेपदे' हे वाक्य मायकन, करीम, मॅजिक आणि कोबे या चौघांनाही लागू पडते. म्हणजे त्यातून काहीच सुटत नाही. आणि बेलरला एकही नाही. तो आठ अंतिम मालिका हरला. १९६२ च्या मालिकेतील पाचव्या सामन्यात त्याने बोस्टनविरुद्ध ६१ गुण केले आणि तो सामना जिंकूनही मालिका गेली. गुडघ्यांनी साथ सोडल्यावर १९७१-७२ च्या हंगामाच्या सुरुवातीलाच तो निवृत्त झाला. पुढच्याच सामन्यापासून लेकर्सने सलग ३३ विजयांची मालिका सुरू केली आणि त्याच हंगामात विजेतेपद मिळवले. केवळ विजेतेपदे मोजणाऱ्याच्या यादीत बेलर कोठेच नसतो, आणि अशी यादी मी तरी गंभीरपणे घेणार नाही.

वेस्टचे उदाहरण याहून बोलके आहे. तो नऊ अंतिम मालिका खेळला, त्यांपैकी आठ हरला आणि १९७२ ची एकच जिंकला. १९६९ मध्ये बोस्टनविरुद्धचा सातवा सामना लेकर्स १०८-१०६ असा हरले. त्यात वेस्टने ४२ गुण, १३ रिबाउंड आणि १२ असिस्ट (सहकाऱ्याला थेट गुण मिळवून देणारे पास) अशी कामगिरी केली होती. अंतिम मालिकेच्या सर्वाधिक मौल्यवान खेळाडूचा किताब त्या वर्षी पहिल्यांदाच दिला गेला आणि तो वेस्टला मिळाला. पराभूत संघाच्या खेळाडूला तो त्यानंतर कधीही मिळालेला नाही.

किताबांनाही डोळे झाकून मान डोलावू नये. १९८० च्या अंतिम मालिकेत पहिल्या पाच सामन्यांत करीमने सरासरी ३३ च्या वर गुण केले, पाचव्या सामन्यात घोटा दुखावला आणि सहाव्यासाठी तो फिलाडेल्फियाला जाऊ शकला नाही. त्याच्या जागी वीस वर्षांचा मॅजिक सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, म्हणून उभा राहिला आणि ४२ गुण, १५ रिबाउंड, ७ असिस्ट करून त्याने मालिका संपवली. किताब मॅजिकला मिळाला. सहा सामन्यांची मालिका पाहिली तर तो करीमचा असायला हवा होता, असे मला वाटते. त्या एका रात्रीपुरते पाहिले तर लेकर्सच्या इतिहासात याहून मोठी कामगिरी सापडणे कठीण. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात आणि चर्चेत ती दोन्ही नोंदवावीत.

प्रत्येक विजेतेपदापुढे एकच प्रश्न लिहावा: या संघात हा खेळाडू पहिला होता, दुसरा की तिसरा? कोबे २००० ते २००२ मध्ये ओनीलच्या मागे दुसरा होता, कारण अंतिम मालिकेचे तिन्ही किताब ओनीलचे आहेत. २००९ आणि २०१० मध्ये तो निर्विवाद पहिला होता. करीम १९८५ मध्ये वयाच्या ३८ व्या वर्षी अंतिम मालिकेचा किताब घेत होता, पण १९८८ पर्यंत त्याचा भार इतरांनी उचलला होता. त्या वर्षीच्या सातव्या सामन्यात ३६ गुण, १६ रिबाउंड आणि १० असिस्ट करणारा जेम्स वर्दी होता.

पायरी ६: बैठक कशी घ्यावी

सहा ते नऊ माणसे पुरेत. संख्या विषम असावी. मे महिन्यात बैठक ठेवायची असेल तर संध्याकाळी सातनंतरच, कारण चाळिशी ओलांडलेल्या उन्हातून आलेला माणूस बेलरबद्दल न्यायाने बोलू शकत नाही. दहा नावे आधी ठरवावीत: मायकन, बेलर, वेस्ट, चेंबरलेन, करीम, मॅजिक, वर्दी, ओनील, कोबे, लेब्रॉन. चिठ्ठ्या टाकून नावे वाटावीत, म्हणजे कोबेच्या भक्ताच्या वाट्याला मायकनची बाजू येण्याची शक्यता राहते. प्रत्येकाला मांडणीला पाच मिनिटे आणि उत्तरांना तीन मिनिटे पुरतात.

आपल्याकडची एक अडचण मात्र वेगळी आहे. गटात एखादे ज्येष्ठ खेळाडू असतात, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, आणि अण्णांनी 'मॅजिकच' असे म्हटले की लहान मुले मान हलवून गप्प बसतात. म्हणून बोलण्याचा क्रम वयाने सर्वांत लहान असलेल्यापासून लावावा आणि चर्चेआधी प्रत्येकाकडून पहिली यादी लिहून घ्यावी. 'अण्णा, तुमचं बरोबर आहे, पण त्या वर्षीचे आकडे वेगळं सांगतात,' असे म्हणण्याची हिंमत हातात कागद असला की येते. सोलापुरात हा वाद मराठीतून तेलुगूत, कन्नडमध्ये आणि दखनीत सहज सरकतो. सरकू द्यावा, फक्त टिपणे घेणाऱ्याला सगळे कळत असले पाहिजे.

पायरी ७: मतदान

'पाच नावे लिहा, पहिल्याला ५, पाचव्याला १' ही सोपी पद्धत फसवी आहे. समजा, सात मतदारांपैकी चौघांनी एका खेळाडूला पहिला क्रमांक दिला आणि तिघांनी त्याला यादीतच घेतले नाही, तर त्याला २० गुण मिळतात. दुसऱ्याला सातही जणांनी दुसरा क्रमांक दिला, तर त्याला २८. बहुमताने पहिला ठरवलेला खेळाडू मागे पडतो, आणि ज्याला कोणीच पहिला मानले नाही तो जिंकतो. म्हणून दहाही नावांना क्रम देणे सक्तीचे करावे, मतपत्रिकेवर सही घ्यावी आणि वर आलेल्या दोघांमध्ये शेवटी थेट हात वर करून निकाल लावावा.

'सर्वोत्तम पाच खेळाडू' आणि 'सर्वोत्तम पाच जणांचा संघ' या दोन याद्या स्वतंत्र कराव्यात. पहिल्या यादीत तीन सेंटर आले तरी हरकत नाही. दुसरीत त्यांना एकत्र उभे करता येत नाही. माझी पहिली यादी मॅजिक, करीम, कोबे, वेस्ट, मायकन अशी आहे. दुसरीत मायकनच्या जागी बेलर येतो आणि पाचही जागा नीट भरतात. मॅजिकला मी वर ठेवतो, कारण सामन्यामागे ११.२ असिस्ट देणारा हा खेळाडू पाचही विजेतेपदांत संघाचा खेळ चालवत होता, आणि ७ नोव्हेंबर १९९१ रोजी एचआयव्हीमुळे निवृत्ती जाहीर केली तेव्हा तो केवळ ३२ वर्षांचा होता. यावर कोबेच्या बाजूने वीस वर्षांच्या निष्ठेचे उत्तर येते आणि ते हलके नाही.

आपल्या कॉलेजच्या संघासाठी

हीच पद्धत सोलापुरातल्या एखाद्या कॉलेजच्या संघाला लावता येते. फक्त आपली अवस्था मायकनच्या काळासारखी असते. अधिकृत स्कोअरशीटवर गुण आणि फाउल लिहिलेले असतात, रिबाउंड आणि असिस्ट नसतात. त्यातही जुनी आणि नवी स्कोअरशीट सरळ शेजारी ठेवू नयेत. आंतरराष्ट्रीय नियमांत तीन गुणांची रेषा १९८४ मध्ये आली आणि २०१० मध्ये ती ६.२५ मीटरवरून ६.७५ मीटरवर गेली. २००० पर्यंत वीस मिनिटांचे दोन अर्ध आणि ३० सेकंदांचे घड्याळ होते, नंतर दहा मिनिटांचे चार भाग आणि २४ सेकंद आले. स्थानिक स्पर्धांत हे बदल कधी पोहोचले, ते त्या काळी खेळलेल्यांनाच विचारावे.

हद्दीचा प्रश्न येथेही आहे. सोलापूरचे स्वतंत्र विद्यापीठ २००४ मध्ये स्थापन झाले. त्याआधी येथील कॉलेजे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. १९९५ मध्ये विद्यापीठाच्या संघात आलेल्या मुलाला कोल्हापूर, सांगली आणि साताऱ्याच्या खेळाडूंमधून जागा मिळवावी लागली होती. २०१५ मध्ये आलेल्याची स्पर्धा एका जिल्ह्यातली होती. दोघांच्याही नावापुढे 'विद्यापीठ संघात निवड' असेच लिहिलेले असते, म्हणून त्यापुढे साल लिहिल्याशिवाय ती नोंद ग्राह्य धरू नये.

साक्षी निवडताना सहकाऱ्यांपेक्षा प्रतिस्पर्ध्यांना आधी भेटावे. ज्याला त्या खेळाडूला अडवायचे होते, त्याची आठवण अधिक नेमकी असते. जिमखान्यात जुनी स्कोअरशीट मिळाली तर त्यांची छायाचित्रे काढून वर्षवार लावावीत. आणि पुढच्या सामन्यापासून राखीव बाकावरच्या दोघांच्या हाती वही द्यावी: एकाने आपल्या संघाचे रिबाउंड, असिस्ट आणि ब्लॉक टिपावेत, दुसऱ्याने समोरच्या संघाचे, आणि सामना संपल्यावर दोघांनी वहीवर तारीख घालून सही करावी.